पडद्यापलीकडची आजी

5 मे 2025 रोजी ‘स्काईप’ ही सेवा बंद झाली. परदेशी गेलेल्या मुला-नातवंडांचे चेहरे अनेक कुटुंबांना संगणकावर प्रथम दिसले ते याच खिडकीतून. 2003 मध्ये सुरू झालेली आणि 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेआठ अब्ज डॉलरना विकत घेतलेली ही सेवा. तिची जागा आता झूम, गूगल मीट आणि व्हॉट्सॲप यांनी घेतली आहे. पेढीवरची पाटी बदलली तरी व्यवहार चालूच राहतो, तसेच हे झाले. परंतु या साधनाने शाळेच्या वर्गात काय साधले, याचा ताळेबंद मांडून पाहणे अगत्याचे आहे. आज समाजातील अनेक दाते आणि विश्वस्त संस्था शाळांना पडदे व संगणक भेट देत आहेत, म्हणून तर ते अधिकच अगत्याचे.

एके काळी ट्रंक कॉलची नोंद करून तासन्‌तास वाट पाहावी लागे आणि तीन मिनिटे होत आली की बोलणे आवरते घ्यावे लागे. इंटरनेटवर आवाज आणि चित्र यांचे बारीक तुकडे करून पाठवले जातात व दुसऱ्या टोकाला ते पुन्हा जोडले जातात. अंतराचे वेगळे मोल पडत नाही. याचा लाभ घेऊन जगभरच्या शिक्षकांनी एक खेळ रूढ केला. दोन देशांतील दोन वर्ग समोरासमोर येतात, पण कोण कुठले हे मुलांना ठाऊक नसते. ‘तुमच्या देशाला समुद्रकिनारा आहे का?’, ‘तुमच्याकडे आता रात्र आहे का?’ असे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारत, नकाशा पुढ्यात ठेवून, समोरच्यांचे गाव शोधायचे. पाठ करून विसरला जाणारा भूगोल या खेळात मनात ठसतो.

या साधनाचे खरे मर्म मात्र प्रा. सुगत मित्रा यांच्या प्रयोगांतून उमगते. 1999 मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागातील एका भिंतीत त्यांनी संगणक बसवला आणि वस्तीतील मुले तो आपापसांत शिकली. पुढे कलिकुप्पम गावी त्यांनी तमीळभाषक मुलांपुढे इंग्रजीतील जैवतंत्रज्ञानाचा अवघड विषय ठेवला. दोन महिन्यांनी मुलांना चाचणीत सुमारे 30 टक्के गुण मिळाले. मग मुलांच्या ओळखीच्या एका बावीस वर्षांच्या तरुणीला त्यांनी मदतीस घेतले. ती व्यवसायाने हिशेबनीस. विषयाचा तिला गंधही नव्हता. तिने करायचे ते इतकेच, की आजीप्रमाणे मागे उभे राहायचे आणि ‘अरे वा, हे कसे केलेस? आणखी दाखव पाहू’ अशा अर्थाचे काही बोलत राहायचे. गुण 50 टक्क्यांवर गेले.

यातूनच 2009 मध्ये ‘आजींचा मेघ’ ही कल्पना आकारास आली. ब्रिटनमधील आजींनी घरबसल्या, आठवड्यातून एक तास, विनामूल्य, भारतातील मुलांशी बोलावे असे आवाहन करण्यात आले. आजी पुढे आल्या. त्यांत अनेक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या गोष्टी वाचून दाखवत, गाणी म्हणत, मुलांचे कौतुक करत. 2013 मध्ये मित्रा यांना मिळालेल्या दहा लाख डॉलरच्या टेड पुरस्कारातून जी शिक्षणकेंद्रे उभी राहिली, त्यांतील एक फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवन या मराठी माध्यमाच्या शाळेत होते. मित्रा यांच्या निष्कर्षांवर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. यंत्र ठेवले म्हणजे शिक्षक नको, असा अर्थ कोणी काढला तर तो घातकच ठरेल.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी ही शंका कृतीने दूर केली. 2020 चा दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. व्हिडिओ संवादातून ते देशोदेशींच्या वर्गांना विज्ञानाचे प्रयोग दाखवत. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा दुरावलेल्या देशांतील मुलांना त्यांनी एकमेकांशी बोलते केले. समोरच्याचीही एक बाजू असते, हे अनेकांताचे तत्त्व प्रवचनातून कानी पडते; तेथे ते मुलांना प्रश्न विचारता विचारता उमगत असावे.

मार्च 2020 नंतर हीच साधने घरोघरी पोहोचली. तरीही अनुभव बहुधा कटू ठरला. एका फोनवर दोन-तीन भावंडे, गावात संपर्कजाळे नाही, आणि पडद्यावर एकतर्फी व्याख्यान. फलटण-परितेवाडीत आणि येथे साधन तेच होते. पण येथे मुलाला नावाने हाक मारून त्याचे ऐकून घेण्यास कोणाला सवड नव्हती.

दात्यांनी येथेच हिशेब तपासावा. पडदा हा भांडवली खर्च. एकदा केला, फलक लागला. वीज, इंटरनेट आणि दुरुस्ती हा आवर्ती खर्च. त्याची तरतूद नसेल तर वर्षभरात यंत्र कपाटात जाते. तिसरी बाब कोणत्याच खातेवहीत दिसत नाही: पडद्यापलीकडे बसणाऱ्या माणसाचा तास. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे आपल्या परंपरेने सांगितली आहेत. ज्ञानदान धनादेशाने पुरे होत नाही.

दर रविवारी अमेरिकेतील नातवाला गोष्ट सांगणाऱ्या आजी आपल्या घराघरांत आहेत. पेढीचा कारभार मुलांवर सोपवलेले ज्येष्ठही आहेत. बिल कसे करतात, व्याज कसे मोजतात, मापात पाप का नसावे, हे त्यांच्याइतके रसाळपणे कोण सांगेल? पथ्ये थोडीच आहेत. वार आणि वेळ ठरलेली असावी. वर्गात शिक्षक सतत हजर असावेत. संपर्क शाळेच्याच खात्यावरून व्हावा. मुलांचे फोन क्रमांक घेऊ नयेत, पालकांच्या संमतीविना छायाचित्रे काढू नयेत. चित्र अंधूक चालेल, आवाज स्पष्ट हवा. आणि स्वतः कमी बोलून मुलांना अधिक बोलू द्यावे.

येत्या पर्युषणात दानाचा संकल्प लिहिताना रकमेच्या खाली आणखी एक ओळ लिहिता येईल: दर बुधवारी, एक तास.