थेरपी सेंटरमधल्या ताईंकडे कोण बघणार?

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या थेरपीबद्दल आता बरेच बोलले जाते, आणि ते चांगलेच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत ऑटिझम आला, पालक जागे झाले, सेंटरे मुंबई-पुण्यापुरती राहिली नाहीत. पण त्या खोलीत मुलासमोर चटईवर बसलेली ताई किती पगारावर, कोणत्या अटींवर बसली आहे, हे कुणी विचारत नाही. आपल्या वस्त्यांतल्या डी.एड., एमएसडब्ल्यू, नर्सिंग झालेल्या मुली या कामाकडे वळत आहेत, म्हणून आम्ही हा विषय इथे घेतला.

45 मिनिटांचे एक सत्र, लगेच दुसरे, मग तिसरे. मध्ये पाणी प्यायला, लघवीला जायला वेळ नाही. आम्ही रात्रपाळ्या काढलेल्या बायका. लघवी धरून ठेवली की काय होते हे आम्हाला कुणी सांगायला नको. त्यावर मुली युक्ती काढतात, पाणीच कमी प्यायचे. मग जळजळ आणि इन्फेक्शन आणखी वाढते. त्यात दिवसभर जमिनीवर बसणे, वीस-पंचवीस किलोचे मूल उचलणे. तिशीच्या आत कंबर धरते.

मूल चावते, ओरबाडते, केस ओढते. ते वाईट म्हणून नव्हे. सांगता येत नाही, आवाज सहन होत नाही, पुढे काय होणार ते कळत नाही, म्हणून. ताईला हे ठाऊक असते, ती मुलावर चिडत नाही. पण 'या कामात एवढे चालायचेच' म्हणून मालक मोकळा होतो, तेव्हा आमचे डोके तापते. माणसाचा चावा साधा समजू नका. कातडी फुटली की जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. बोटांच्या सांध्यावरचा चावा लहान दिसला तरी अंगावर काढू नका. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (पहिला, मग 1 महिन्याने, मग 6 महिन्यांनी) कामाला लागतानाच घ्यावेत आणि खर्च सेंटरने करावा. प्रत्येक चाव्याची नोंद वहीत हवी: तारीख, वेळ, हजर कोण होते. वही नसेल तर मॅडमना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. उद्या औषधाचा खर्च मागायला तोच पुरावा.

आता पैशाचे. खूप ठिकाणी पगार नसतोच, सत्रामागे पैसे असतात. मूल आजारी पडले, आले नाही, की ताईचे पैसे गेले; ती मात्र तिथेच बसून. घरी जाऊन रिपोर्ट लिहायचे, खेळणी-कार्डे बनवायची, ते फुकट. कागदावर तिला 'कन्सल्टंट' दाखवतात आणि 10 टक्के टीडीएस कापतात. (उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. तो सोडू नका.) कन्सल्टंट म्हटले की पीएफ नाही, ईएसआय नाही, भरपगारी रजा नाही. बाळंतपणाची रजा मागितली तरी तेच उत्तर. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, त्याला शंभर वर्षे होत आली. वेळ ठरलेली, हजेरी लागते, रजेला परवानगी लागते, तर ती नोकरीच आहे, नाव काहीही द्या. कामगार आयुक्त कार्यालयात हेच मांडायचे.

दुसरा धोका नोंदणीचा. आठवडाभर शिकवून मुलीला 'थेरपिस्ट' म्हणून पालकांसमोर उभे करतात. स्पेशल एज्युकेटर आणि स्पीच थेरपिस्ट यांना 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्य परिषद वेगळी आहे. नोंदणी नसेल तर हुद्दा 'सहायक' असाच लिहून घ्या आणि वरची ताई कोण, तेही. उद्या काही झाले तर नाव तुमचे पुढे येईल, मालकाचे नाही.

मूळ प्रमाणपत्रे कुणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. बॉण्डवर सही मागितली तर कागद घरी आणून कुणा जाणत्याला दाखवा. बंद खोलीतले काम आहे, म्हणून हेही ठाऊक असू द्या: दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी आणि थेरपी मोफत मिळते, तिथेही बहुतेक ताई कंत्राटीच. त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहू.

पालकांनो, तुम्ही भरलेली फी ताईपर्यंत पोचते असे धरून चालू नका. स्वमग्न मुलाला ओळखीचा चेहरा, ओळखीची खोली, ठरलेली वेळ लागते. ताई सोडून गेली की मूल नव्या माणसाशी जुळायला महिने घेते. पुढच्या पालक-मीटिंगला विचारा: वर्षभरात माझ्या मुलाच्या किती ताई बदलल्या आणि त्या का गेल्या? दोन सत्रांच्या मध्ये त्यांना दहा मिनिटे देता का?