ठाण्याच्या मातीतून निघालेलं

मेटल डिटेक्टरचे व्हिडिओ बघून घोडबंदर किल्ल्याच्या आसपास यंत्र फिरवावं असं वाटणारे आता भेटतात. जागा त्यांनी अचूक हेरलेली असते. प्राचीन भूगोलकार टॉलेमीने नोंदवलेलं हिप्पोकुरा म्हणजे घोडबंदरच, असाही तर्क एकेकाळी झाला होता. पोर्तुगीजांचा हा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. पण जागा हेरणं हा कामाचा पहिला टप्पा झाला. पुढे काय करायचं, ते इथल्याच जुन्या खोदकामांनी दाखवून दिलंय.

१७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट निघाले. ते भट्टीत गेले नाहीत, वाचले गेले. ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात भाषांतर छापून आलं. शिलाहार राजा अरिकेसरीने शके ९३९ मध्ये, म्हणजे इ.स. १०१७ ला, कोणती गावं दान दिली आणि त्यांच्या चतुःसीमा काय, हे त्यामुळे कळलं.

खाडीपलीकडे सोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उघडला. त्याच वर्षी ठाण्याचं गॅझेटियर निघालं, ज्याच्याशिवाय आजही इथल्या कुठल्याच शोधाला सुरुवात होत नाही. स्तूपात दगडी पेटी होती. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, बाहेरचा तांब्याचा, सर्वांत आतला सोन्याचा. भोवती आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती, सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. नाणं दुसऱ्या शतकातलं, मूर्ती त्याहून कितीतरी नंतरच्या. म्हणजे ही पेटी मधल्या काळात पुन्हा उघडली गेली असणार. नाणं एकाने आणि मूर्ती दुसऱ्याने नेल्या असत्या, तर हे कधीच उमगलं नसतं.

गेल्या तीसेक वर्षांत माजिवड्यापासून गायमुखापर्यंत टॉवर उठले. एवढ्या पायांतून काय निघालं, याची सलग नोंद वाचायला मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं, तर वस्तू, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. संरक्षित किल्ल्यावर तर परवानगीशिवाय खणायचंच नाही. म्हणून यंत्राची हौस असणाऱ्यांनी आधी गॅझेटियर आणि गावनकाशे घेऊन पायी फिरावं, दिसेल ते जागेवरच ठेवून फोटो काढावा, पुरातत्त्व खात्याला कळवावं. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. या पट्ट्यातल्या अशा प्रत्येक मोठ्या खोदकामाशेजारी नोंद घेणारा एक पुरातत्त्वज्ञ उभा असायलाच हवा.