एटीकेटी लागली म्हणजे संपलं का?

परवा वर्गात प्रगतिपुस्तकं वाटून झाली आणि चौथीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचे स्वतःचे गुण छान होते, पण डोळे भरून आलेले. हळूच म्हणाली, "बाई, दादाला एटीकेटी लागली. तो दोन दिवस नीट जेवला नाही. त्याला कॉलेजातून काढून टाकणार का हो?"

तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते. आई-बाबांनीही जरूर वाचावं.

एटीकेटी म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स'. यात 'काढून टाकू' असं कुठे आहे? उलट पुढे जायला परवानगी आहे! एखाद-दुसरा विषय राहिला तरी पुढच्या वर्षात बसायचं आणि राहिलेल्या विषयाची परीक्षा पुन्हा द्यायची. किती विषय राहिलेले चालतात, हा नियम विद्यापीठानुसार आणि अभ्यासक्रमानुसार बदलतो. त्याहून जास्त राहिले, तर मात्र पुढच्या वर्षात प्रवेश मिळत नाही. कॉलेजातली मुलं त्याला 'इयर डाऊन' म्हणतात.

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ या. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत गुणांऐवजी श्रेणी देतात. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, डी म्हणजे १ आणि एफ म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाला त्याच्या तासांप्रमाणे 'क्रेडिट' असतात. यावरून काढलेल्या सरासरीला म्हणतात जीपीए. ती साधारणपणे २ च्या खाली जाऊ द्यायची नसते.

वही-पेन्सिल घ्या बरं! सोपं जावं म्हणून तीनच विषय धरू. गणित ४ क्रेडिटचं, मिळाली डी. भाषा ३ क्रेडिटची, मिळाली बी. इतिहास ३ क्रेडिटचा, मिळाली सी. गुणाकार करा : ४, ९ आणि ६. बेरीज १९. एकूण क्रेडिट १०. म्हणजे सरासरी १.९. अरेरे, थोडक्यात हुकलं! गंमत बघा, हा मुलगा एकाही विषयात नापास नाही, तरी सरासरी कमी पडली.

मग काय होतं? त्याला 'प्रोबेशन'वर ठेवतात. म्हणजे एक सत्रभर त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि सुधारायला संधी द्यायची. पुष्कळ ठिकाणी त्याला सल्लागार शिक्षकांना भेटावंच लागतं, आणि विषयही कमी घ्यायला सांगतात. पुढच्या १० क्रेडिटमध्ये त्याने २१ गुणांक मिळवले, की दोन्ही सत्रांचे मिळून ४० होतात आणि सरासरी बरोबर २ वर येते.

तरीही जमलं नाही, तर 'सस्पेन्शन'. मारामारी केली म्हणून होणारी ही शिक्षा नव्हे. अभ्यास झेपत नाही, तेव्हा एक-दोन सत्रं किंवा वर्षभर थांब, असं सांगणं. नंतर पुन्हा प्रवेशासाठी अर्ज करता येतो. आजारपण किंवा घरात मृत्यू असं कारण असेल, तर विद्यार्थी समितीकडे दाद मागू शकतो. पण नुसतं रडगाणं चालत नाही. काय चुकलं आणि आता काय करणार, हे कागदावर मांडावं लागतं.

हे प्रकरण हलकं मात्र नाही. प्रगती समाधानकारक नसेल तर तिथल्या सरकारची आर्थिक मदत थांबू शकते. आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेल्या मुलांचा तर व्हिसाच पूर्णवेळ शिक्षणाशी बांधलेला असतो. म्हणून पत्र आलं की ते लपवायचं नाही, लगेच बोलायचं.

'प्रोबेशन' या शब्दाची एक गोष्ट सांगते. बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचे बूट बनवणारे कारागीर होते. १८४१ साली कोर्टात एका दारुड्याला शिक्षा होणार होती. ऑगस्टस यांनी त्याचा जामीन घेतला आणि त्याला सुधारायला मदत केली. काही आठवड्यांनी तो माणूस इतका बदलला होता, की न्यायाधीशांनी त्याला तुरुंगात न पाठवता नाममात्र दंडावर सोडलं. पुढे ऑगस्टस यांनी अशा शेकडो माणसांना हात दिला. म्हणजे या शब्दात नुसता धाक नाही, कुणीतरी पाठीशी उभं राहणंही आहे.

आई-बाबांनो, आपल्या कॉलेजांतही आता क्रेडिटची पद्धत आली आहे. निकालाच्या दिवशी "किती पडले?" एवढंच न विचारता, "नियम काय आहे? पुढची परीक्षा कधी?" हेही विचारा. नियम माहीत असला की भीती अर्धी होते. आणि मुलांनो, चौथीतला न समजलेला भागाकार आजच बाईंना विचारा. तो पुढे कॉलेजापर्यंत पाठलाग करतो!

त्या मुलीला मी म्हटलं, "घरी गेलीस की दादाला विचार, कोणता विषय राहिला आणि फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती."

दुसऱ्या दिवशी ती धावतच आली. "बाई, गणित राहिलंय. तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली. आणि काल दादा पोटभर जेवला!"