उन्हाळ्यात घरातले मासे कसे सांभाळाल?

चैत्र सरत आला की उन्हाची काहिली सुरू होते. दावणीची जनावरे आपण लिंबाच्या सावलीला नेऊन बांधतो. कोंबड्यांच्या खुराड्यावर पाचट पसरतो. माठाखाली वाळू घालून ती ओली ठेवतो. घरातल्या मुक्या जिवांची सोय लावल्याशिवाय शेतकऱ्याच्या घरी दुपारी कुणाचा डोळा लागत नाही. पण एका मुक्या जिवाची आठवण बहुधा उशिरा होते. तो म्हणजे ओसरीवरच्या काचेच्या टाकीतला मासा.

जत्रेतून किंवा तालुक्याच्या बाजारातून मुलांनी हट्टाने आणलेले सोनेरी मासे आता खेड्यातल्या घरांतूनही दिसतात. कुठे फायटर असतो, कुठे मोली, कुठे गुरामी. आणि डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य केंद्रातून आणून हौदात सोडलेले गप्पी तर गावोगाव आहेत. हिवाळाभर हे मासे मजेत असतात. वैशाखात मात्र एखाद्या सकाळी दोन-तीन मासे पाण्यावर उलटे तरंगताना दिसतात आणि मुले हिरमुसून बसतात. "रोग पडला," असे म्हणून आपण टाकी रिकामी करतो. पुष्कळदा रोग नसतोच. पाणी तापलेले असते आणि मासा त्यात गुदमरलेला असतो.

टाकीला डोह नसतो

नदीतला मासा उन्हाळ्यात काय करतो ते तुम्ही पाहिलेले आहे. ऊन चढले की तो उथळ पाणी सोडून डोहात खाली जातो, नाहीतर काठावरच्या झाडाची सावली धरतो. पाणी वाहते असेल तर खळाळाकडे तोंड करून थांबतो. म्हणजे सावली, खोली आणि हलते पाणी या तीन गोष्टींवर तो उन्हाळा काढतो. काचेच्या टाकीत यातले काहीच नसते. वरपासून तळापर्यंत सगळे पाणी एकसारखे तापते आणि माशाला पळायला जागा नसते. तेव्हा डोहाचे काम आपल्याला करायचे आहे, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे सोपे आहे.

गरम पाण्यात नेमके काय होते?

माशाला घाम येत नाही. त्याचे रक्त आपल्यासारखे एकाच उष्णतेवर राहत नाही. पाणी जेवढे तापेल तेवढेच त्याचे शरीर तापते. शरीर तापले की त्याचा श्वास वाढतो, भूक वाढते आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. दहा अंश उष्णता वाढली की ही गरज साधारण दुप्पट होते.

पण याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होत असतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो आणि ३५ अंशांना सातच्याही खाली जातो. खाणारी तोंडे वाढावीत आणि त्याच वेळी कणगी रिती होत जावी, तसा हा प्रकार आहे.

त्यात रात्रीची भर पडते. पाणवनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू देतात. रात्री मात्र त्याही माशांप्रमाणे तो घेतात. त्यामुळे टाकीतला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. म्हणून मासे बहुधा सकाळी मेलेले आढळतात. भगिनींनो, सडासंमार्जनाला उठाल तेव्हा टाकीकडे एक नजर टाका. मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडझाप करीत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर ते गुदमरू लागले आहेत असे समजा. फायटर आणि गुरामी हे याला अपवाद आहेत. आपल्याकडच्या मरळीप्रमाणे ते वरची हवा घेऊ शकतात, म्हणून ते अधूनमधून वर येतातच. सोनेरी मासा वर येऊन तोंड वाजवू लागला, तर मात्र वेळ घालवू नका.

कोणाला किती ऊन सोसते?

सोनेरी मासा मूळचा चीनमधला आणि थंड पाण्याचा. १८ ते २४ अंशांत तो खूश असतो, तिशीच्या वर त्याचे हाल होतात. गप्पी मूळचा वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादचा आणि दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला. त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या गृहस्थांनी हे मासे लंडनला धाडले, तेव्हा १८६६ साली त्यांचेच नाव त्याला मिळाले. आपल्या देशात तो १९१० च्या सुमारास डासांसाठी आणला गेला. गप्पी काटक आहे, पण पस्तिशीच्या आसपासचे पाणी त्यालाही जड जाते. विदर्भात, खानदेशात आणि मराठवाड्यात राहणाऱ्यांनी नवा मासा घेताना गप्पी किंवा गुरामी घ्यावा. सोनेरी माशाचा हट्ट दिवाळीपर्यंत थोपवावा हे बरे.

पाण्याची उष्णता मोजायला टाकीचा साधा काचेचा तापमापक मिळतो, तो एक घेऊन ठेवा. घरातला तापाचा तापमापक इथे चालत नाही. त्याची खूणच ३५ अंशांपासून सुरू होते.

आधी जागा बदला

पत्र्याच्या घरात उंच फळीवर ठेवलेली टाकी सर्वांत आधी तापते, कारण गरम हवा वर साठते आणि पत्र्याची धग खाली उतरते. टाकी खाली आणा. जुन्या घरातले माजघर, मातीच्या जाड भिंतीचा कोपरा, शेणाने सारवलेली जमीन ही टाकीची उन्हाळ्यातली जागा. पश्चिमेच्या भिंतीला ती कधीही टेकवू नका. ती भिंत दिवेलागणीनंतरही तापलेली असते. टाकीवरचा दिवाही दिवसभर लावून ठेवू नका, त्याचीही उष्णता पाण्यात उतरते.

भरलेली टाकी मात्र उचलू नका. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर, म्हणजे अर्ध्या क्विंटलहून जास्त पाणी असते. सांधा उचकटलाच म्हणून समजा. निम्म्याहून अधिक पाणी स्वच्छ बादल्यांत काढा, माशांना त्यातच ठेवा, टाकी हलवा आणि तेच पाणी परत भरा.

माठाचा धडा

माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, बाहेर आलेले पाणी हवेत उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी असे उडाले तर शंभर लिटर पाणी साडेपाच अंशांच्या वर गार व्हावे, इतकी उष्णता ते नेते. बाहेरून नवी उष्णता येतच असते म्हणून सगळा फायदा पदरात पडत नाही, पण जो पडतो तोही थोडा नाही.

काच पाझरत नाही. म्हणून टाकीवरचे काचेचे किंवा पत्र्याचे झाकण काढा आणि तिथे मच्छरदाणीचे कापड ताणून बांधा. हवाही लागेल आणि मासा उडी मारून बाहेरही पडणार नाही. विजेचा पंखा असेल तर त्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाईल असा ठेवा. कोरड्या हवेत एवढ्यानेच पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. टाकीच्या तीन बाजूंना ओले गोणपाट लावले तर आणखी मदत होते. मात्र हे गोणपाट खताचे किंवा औषधाच्या संपर्कातले नसावे. फवारणीच्या औषधाचा अंशही माशाला मारायला पुरतो.

कोकणात हवा दमट असते. तिथे पाणी लवकर उडत नाही, त्यामुळे ओल्या कापडाचा गुण कमी येतो. कोकणातल्या वाचकांनी सावली आणि पाणी हलते ठेवणे यांवरच भर द्यावा.

उडालेल्या पाण्याची भरपाई रोज करावी लागते. पण पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, हे विसरू नका. विहीर-बोअरचे जड पाणी नुसते वरून घालत गेलात तर टाकीतले क्षार वाढत जातात. म्हणून आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढून नवे घाला. टंचाईच्या गावात हे चैनीचे वाटेल, पण काढलेले पाणी वाया जात नाही. माशांच्या विष्ठेमुळे त्यात खताचा अंश असतो. तुळशीला, कढीपत्त्याला, परसातल्या वांग्या-मिरच्यांना ते घाला.

नवे पाणी कसे घालावे?

नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात जंतुनाशक पावडर टाकलेली असते. तिच्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात चोवीस तास उघडे ठेवून मगच वापरा. बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून आठ-दहा वेळा ओता. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी तर हाताला चटका देते, ते सरळ टाकीत कधीच घालू नका.

पाणी गार करायचे तेही सावकाश. तासाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतार नसावा. तापलेल्या टाकीत बर्फाचा तुकडा टाकणे म्हणजे घामाघूम बैलाला एकदम गार पाण्यात लोटण्यासारखे आहे. घरात किंवा शेजारी फ्रीज असेल तर लिटरभर पाण्याची बाटली घट्ट बूच लावून गोठवा आणि ती बाटलीच टाकीत तरंगत ठेवा. पन्नास लिटर पाणी तिच्याने सुमारे दोन अंश उतरते, आणि तेही हळूहळू.

वीज गेली तर

हवेचा पंप चालू असला की पाणी हलते आणि प्राणवायू मिसळत राहतो. हा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. खाली ठेवला तर वीज जाताच टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात उतरते. वायरही बटणाकडे जाताना मध्ये खाली झोल देऊन न्या, म्हणजे ओघळलेले पाणी बटणापर्यंत पोचणार नाही. ओल्या हाताने काहीही चालू-बंद करू नका.

वीज नसेल तेव्हा तांब्या हाताशी धरा. टाकीतलेच पाणी तांब्याने घेऊन वीतभर उंचीवरून परत टाकीत सोडा. पाच मिनिटे असे करा, तासाभराने पुन्हा करा. मासे पहाटे वर आलेले दिसले तर आधी हाच उपाय करा, पाणी गार करण्याचे नंतर पाहा. मुलांना हे काम हौसेने करता येते. त्यांनी मासे आणले आहेत, तर सांभाळण्याचा वाटाही त्यांनी उचलावा.

खाणे कमी, गर्दी कमी

गरम पाण्यात मासा हावरा दिसतो, म्हणून मुले मूठमूठ खाद्य टाकतात. उरलेले खाद्य कुजते, कुजताना प्राणवायू खाते आणि अमोनिया तयार करते. गरम आणि अल्कधर्मी पाण्यात हा अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी एकदाच खाद्य द्या, तेही दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच. एखादा दिवस उपास पडला तरी मासा मरत नाही.

टाकीत दाटी झाली असेल तर काही मासे दुसरीकडे हलवा. अरुंद तोंडाचा गोल काचेचा गोळा तर उन्हाळ्यात वापरूच नये. त्यात पाणी थोडे आणि हवेला वाट अरुंद. त्यापेक्षा कुंभाराकडचा रुंद तोंडाचा रांजण घ्या, दोन-चार दिवस पाण्याने भरून, पाणी बदलून तो मुरवा आणि गप्पी माशांचे उन्हाळ्यापुरते बिऱ्हाड त्यात हलवा. तो स्वतःच पाणी गार ठेवतो.

हौदातल्या गप्पींसाठी

अंगणातल्या सिमेंटच्या हौदावर निम्म्या भागात उसाच्या पाचटाचे किंवा नारळीच्या झावळ्यांचे छप्पर करा. पाण्याची पातळी हातभराच्या खाली जाऊ देऊ नका. हौद धुताना गप्पी आधी बादलीत काढून घ्या. वैशाखात हौदातले गप्पी मेले की पावसाळ्याच्या तोंडावर डासांना रान मोकळे मिळते, आणि हिवताप-डेंगीचा काळ तर तिथूनच सुरू होतो. गप्पी जास्त झाले तर शेजाऱ्याच्या हौदाला द्या. ओढ्या-नदीत सोडू नका, तिथल्या आपल्या छोट्या माशांना ते त्रास देतात.

मृग लागला आणि पहिली सर आली की सगळ्यांनाच हायसे वाटते. पण पहिल्या पावसाची पागोळी टाकीत किंवा हौदात धरू नका. कौलांवरची वर्षभराची धूळ आणि घाण त्या पाण्यात उतरलेली असते आणि गारव्याचा धक्काही बसतो. दोन-तीन पाऊस पडून छप्पर धुऊन निघाले की मग स्वच्छ भांड्यात पाणी धरा, रात्रभर घरात ठेवा आणि सकाळी थोडे थोडे टाकीत घाला.