उदाहरण ४७ कुठे गेलं? वेगवेगळ्या फाइलींतले सलग क्रमांक

प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत, पण परिच्छेदांचे क्रमांक मात्र पहिल्या फाइलीपासून शेवटच्या फाइलीपर्यंत सलग, अशी गरज बऱ्याच विषयांत पडते. समाजशास्त्रात मुलाखतींच्या उताऱ्यांना क्रमांक देतात, गणितात व्याख्यांना आणि प्रमेयांना. माझा विषय भाषाविज्ञान, म्हणून मी उदाहरणवाक्यांबद्दलच बोलतो.

समजा, चौथ्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय, 'उदाहरण ४७ मधलं क्रियापद पाहा.' ते ४७ आहे दुसऱ्या प्रकरणात. मार्गदर्शकांनी तिथली आधीची दोन उदाहरणं काढायला सांगितली, की तुमचं वाक्य ४५ होतं आणि ४७ वर भलतंच वाक्य येऊन बसतं. परीक्षक मागे जाऊन बघतात, तेव्हा त्यांना क्रमांक सरकलाय हे कळायचं काही कारण नाही. त्यांना दिसतं ते एवढंच, की दावा एक आणि पुरावा दुसराच.

मराठी प्रबंध किंवा त्याचं पुढे होणारं पुस्तक डीटीपीवाल्याकडे जातं, तेव्हा ते बहुतेक वेळा इनडिझाइनमध्ये लागतं. क्रमांक बिघडले की तिथे सगळ्यात आधी होतो तो उपाय म्हणजे चुकलेल्या जागी 'स्टार्ट ॲट' करून हवा तो आकडा टाकणे. हे करू देऊ नका. त्या पानापुरतं सगळं ठीक दिसतं, पण तिथून पुढची सगळी मोजणी त्या आकड्याला बांधली जाते. मागे एक उदाहरण वाढलं तरी पुढचे क्रमांक हलत नाहीत, आणि एकच क्रमांक दोन ठिकाणी येतो.

यात मुळात घडतं काय, ते आधी बघू. आपोआप येणारा क्रमांक परिच्छेदात लिहिलेला नसतो. सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी तो मोजून दाखवतं. मोजायला त्याला तीन गोष्टी लागतात: नाव दिलेली यादी (लिस्ट), त्या यादीला जोडलेली पॅराग्राफ स्टाइल, आणि सगळ्या फाइली क्रमाने धरून ठेवणारी बुक फाइल. यादी तयार करताना दोन खुणा कराव्या लागतात, एक 'कंटिन्यू नंबर्स अक्रॉस स्टोरीज' आणि दुसरी 'कंटिन्यू नंबर्स फ्रॉम प्रीव्हियस डॉक्युमेंट इन बुक'. 'डिफॉल्ट' नावाची जी तयार यादी असते तिला ही सोय नाही. म्हणून स्टाइलमध्ये यादीच्या जागी 'डिफॉल्ट' दिसलं, तर पुढे शोधायची गरजच नाही. प्रत्येक प्रकरण १ पासूनच सुरू होणार.

आता शोध. नियम एकच: जिथे चूक डोळ्याला दिसली तिथे दुरुस्ती करत बसू नका, सुरुवातीपासून येऊन क्रम पहिल्यांदा कुठे तुटला ते गाठा. त्या आणि त्याच्या आधीच्या क्रमांकामध्येच बहुतेक वेळा कारण असतं. शिवाय क्रम कसा तुटलाय, यावरूनही बरंच कळतं.

नव्या फाइलीत क्रमांक परत १ झाला असेल, तर दोन्ही फाइलींतल्या यादीचं नाव अक्षर न् अक्षर तपासा. हे आपल्याकडे फार होतं. एका फाइलीत 'उदाहरणे', दुसरीत 'उदाहरणं'. आपल्या दृष्टीने एकच शब्द, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने या दोन यादी आणि दोन वेगळ्या मोजण्या. उपाय सोपा आहे. एक फाइल प्रमाण धरायची, बुकच्या पॅनलमध्ये तिला 'स्टाइल सोर्स' करायचं आणि 'सिंक्रोनाइझ' चालवायचं. त्याच्या पर्यायांत 'नंबर्ड लिस्ट्स'वर खूण आहे ना, ते आधी बघा, कारण नुसत्या पॅराग्राफ स्टाइल जुळवून काम अर्धंच होतं. मग चुकीच्या नावाच्या यादीला चिकटलेले परिच्छेद योग्य स्टाइलवर आणा.

क्रम फाइलीच्या अधेमधे तुटला असेल, तर त्या परिच्छेदावर कर्सर ठेवा. स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसतंय? म्हणजे कोणीतरी हाताने काहीतरी बदललंय, बहुधा तेच 'स्टार्ट ॲट'. 'क्लिअर ओव्हरराइड्स' करून बघा. (त्याबरोबर परिच्छेदातले हाताने केलेले तिरपे शब्दही सरळ होऊ शकतात. भाषेच्या उदाहरणांत ते महत्त्वाचे असतात, म्हणून तिरप्या अक्षरांसाठी कॅरेक्टर स्टाइल वापरलेली बरी.)

३८ नंतर थेट ४० आला, तर ३९ हरवलेला नसतो, लपलेला असतो. चौकट लहान पडली की उरलेला मजकूर दिसत नाही, पण मोजला जातो. चौकटीच्या कोपऱ्यातलं लाल अधिक चिन्ह शोधा.

सुट्या चौकटींत उदाहरणं ठेवली असतील, तर एका पानावर खालचं आधी आणि वरचं नंतर, असंही होतं. एकाच पानावरच्या सुट्या चौकटी तयार झाल्या त्या क्रमाने मोजल्या जातात. हव्या त्या क्रमाने एकेक चौकट कट करून परत पेस्ट करा.

आणि क्रमांक कशानेच हलत नसेल, तर तो कर्सरने निवडून बघा. निवडता आला, म्हणजे तो साधा मजकूर आहे, मोजणीत नाहीच. हे बहुतेक वर्डची फाइल आणताना होतं. आयात करतानाच्या पर्यायांत क्रमांकांचा मजकूर करून टाकणारी एक खूण असते, ती काढून फाइल पुन्हा आणणं हे एकेक आकडा खोडण्यापेक्षा कमी त्रासाचं.

सगळं करूनही आकडे जुनेच दिसत असतील, तर बुकच्या पॅनलमधून 'अपडेट चॅप्टर अँड पॅराग्राफ नंबर्स' चालवा. त्याआधी पॅनलमध्ये कुठल्या फाइलीपुढे 'सापडत नाही' अशी लाल खूण नाही ना, ते बघा. पेनड्राइव्हवरून फाइली इकडून तिकडे गेल्या की ही खूण हमखास येते.

एवढं झाल्यावर यादीतले क्रमांक बरोबर येतील. पण चौथ्या प्रकरणात 'उदाहरण ४७ पाहा' असं हाताने टाइप केलेलं असेल, तर ते ४७ च राहणार. तिथे क्रॉस-रेफरन्स घाला. ही सोय इनडिझाइनमध्ये २००८ च्या सीएस४ पासून आहे आणि दुसऱ्या फाइलीतल्या परिच्छेदाकडेही बोट दाखवता येतं. शंभरेक संदर्भ असतील तर काम कंटाळवाणं आहे, खरंय. डीटीपीवाला ते आपण होऊन करणार नाही, त्याला कुठलं वाक्य कुठे हवंय ते माहीतच नसतं. म्हणून लिहिताना वर्डमध्येच प्रत्येक उदाहरणाला एक खुणेचं नाव देऊन ठेवा, जसं 'उदा-प्रयोजक-करवणे', आणि मजकुरात आकड्याऐवजी तेच नाव लिहा. फाइली लागल्यावर त्याच्या शेजारी बसून नावांच्या जागी क्रॉस-रेफरन्स घालत जा. शेवटी 'उदा-' शोधायचं; एकही सापडलं नाही की छापायला द्यायचं.