टाकाऊ रबरापासून नवे रबर: लघुउद्योगासाठी पीएमईजीपीची मदत

जुने टायर जाळले की विषारी धूर होतो आणि उघड्यावर ठेवले की त्यात पाणी साचून डास होतात. याच टायरपासून पुन्हा वापरता येईल असे रबर तयार होते. हा उद्योग सुरू करण्यासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून (पीएमईजीपी) कर्ज व अनुदान मिळू शकते.

नवे रबर कसे तयार होते?

टायरचे रबर गंधकाने पक्के केलेले असते. त्यामुळे ते प्लास्टिकसारखे वितळवता येत नाही.

१. टायरमधील तार काढून तुकडे करतात.
२. तुकडे दळून चुरा करतात. लोखंडाचे कण चुंबकाने व धागे चाळणीने वेगळे होतात.
३. चुरा तेल व रसायनांसह बंद भांड्यात उष्णता आणि दाब देऊन शिजवतात. त्याने गंधकाची पकड सैल होते.
४. मऊ झालेला माल रोलरमधून काढून पातळ शीट करतात. हेच रिक्लेम रबर.
५. त्यात नवे रबर, गंधक आदी मिसळून मिश्रण बनवतात व साच्यात गरम करून वस्तू घडवतात.

हे रबर नव्यापेक्षा कमी ताकदीचे असते. पायपुसणी, गोठ्यातील मॅट, चपलांचे तळ यांसाठी ते चालते. भांडवल कमी असेल तर तयार रिक्लेम शीट घेऊन फक्त पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करा.

मदत किती?

• उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा ₹५० लाख.
• सर्वसाधारण गट: अनुदान शहरात १५%, ग्रामीण भागात २५%, स्वतःचा वाटा १०%.
• महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग इत्यादी: २५% व ३५%, स्वतःचा वाटा ५%.

उदाहरण: ग्रामीण भागातील महिलेचा ₹२० लाखांचा प्रकल्प असेल तर स्वतःचे ₹१ लाख व बँकेचे कर्ज ₹१९ लाख. अनुदानाचे ₹७ लाख तीन वर्षे बँकेत ठेवले जातात आणि पडताळणीनंतर कर्जात वळते होतात.

पात्रता

वय १८ पूर्ण हवे. ₹१० लाखांवरील उत्पादन प्रकल्पासाठी आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक. उद्योग नवा असावा. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो.

अर्जापूर्वी हे तपासा

• जागेची किंमत प्रकल्प खर्चात धरली जात नाही.
• यंत्रांना आगाऊ रक्कम देण्यापूर्वी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे संमतीची चौकशी करा. संमती मिळाली नाही, तर कारखाना बंद आणि हप्ते मात्र सुरू, अशी वेळ येते.
• टायरचा पुनर्वापर करणाऱ्यांना २०२२ च्या नियमांनुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत उद्योगाला तयार मालावर प्रमाणपत्रे मिळतात. टायर कंपन्या ती विकत घेतात.

अर्ज कुठे करावा?

पीएमईजीपी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करा. मदतीसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा. अर्ज विनामूल्य आहे. दलालाला पैसे देऊ नका.