भिशी : पाळीचा हिशेब आणि कमाईची वाट

प्रास्ताविक

सामुदायिक महाविद्यालयातून शिवणकाम, भरतकाम, वीजजोडणी किंवा मोबाईल दुरुस्तीचा अभ्यासक्रम पूर्ण करून दरवर्षी अनेक विद्यार्थी बाहेर पडतात. हातात प्रमाणपत्र असते, अंगी हुन्नर असतो. मात्र शिलाई मशीन किंवा हत्यारांची पेटी घेण्याइतकी एकरकमी रक्कम घरात नसते. बँक कागदपत्रे आणि जामीनदार मागते. खाजगी सावकार शेकडा पाच रुपये महिना असा दर सांगतो, म्हणजे १८,००० रुपयांवर दरमहा ९०० रुपये केवळ व्याज. बारा महिन्यांत १०,८०० रुपये भरूनही मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. परिणामी शिकलेले काम घरातच पडून राहते.

अशा वेळी बहुतेक कुटुंबांना आधार वाटतो तो भिशीचा. शिक्षकांच्या खोलीतही ती चालते आणि मोहल्ल्यातही. परंतु भिशीत आपण नेमके काय करतो, बचत की कर्ज, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. प्रस्तुत लेखात भिशीचे कामकाज, पाळीचे मोल, लिलावाच्या भिशीची छुपी किंमत, कायद्यातील स्थान आणि घ्यावयाची दक्षता यांचा विचार केला आहे.

स्वरूप आणि नावे

ठराविक सभासदांनी दरमहा सारखी रक्कम जमा करावी, जमलेली सर्व रक्कम त्या महिन्यात एकाला द्यावी आणि सर्वांची पाळी झाली की व्यवहार संपवावा, हे भिशीचे साधे रूप. महाराष्ट्र आणि बेळगाव भागात तिला 'भिशी' म्हणतात, इंदूरकडे 'बीसी', हैदराबादेत 'चिट्ठी', तर उत्तरेकडील उर्दू भाषिकांत 'कमेटी'. केरळात 'कुरी' हे नाव जुने आहे. मेक्सिकोतील 'तांदा' आणि इंडोनेशियातील 'अरिसान' हेही याच जातीचे व्यवहार.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ साली अशा मंडळांवर शोधनिबंध लिहिला. परंपरागत शेतकरी समाज आणि आधुनिक व्यापारी व्यवहार यांच्यामधली ती एक पायरी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. बँका वाढल्या की ती मागे पडेल, अशी अपेक्षा त्यात होती. प्रत्यक्षात बँका गावोगावी पोचल्या तरी भिशी टिकली. त्याचे एक कारण तिच्या पाळीत दडलेले आहे.

पाळी : कर्ज की बचत?

बारा सभासद, दरमहा १,५०० रुपये हप्ता, म्हणजे उचल १८,००० रुपये, असे उदाहरण घेऊ. पहिल्या पाळीच्या सभासदाने एकच हप्ता भरलेला असतो. त्याच्या हाती १८,००० येतात, म्हणजे १६,५०० रुपये इतरांचे असतात. तो कर्जदार आहे. सहाव्या पाळीला ९,००० स्वतःचे आणि ९,००० इतरांचे. बाराव्या पाळीचा सभासद मात्र निव्वळ बचत करणारा. त्याने अकरा महिने इतरांना बिनव्याजी उसने दिलेले असते. भिशी एकच, हप्ता एकच, परंतु पाळीच्या क्रमाने कोणी ऋणको होतो तर कोणी धनको.

प्रत्येकाने स्वतंत्रपणे घरीच १,५०० रुपये बाजूला टाकले असते तर १८,००० जमायला प्रत्येकाला बारा महिने लागले असते. भिशीत शेवटचा सभासद सोडून बाकी अकरा जणांना ती रक्कम लवकर मिळते, आणि शेवटच्यालाही उशीर होत नाही. बेसली, कोट आणि लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली हाच मुद्दा गणिताने मांडला. शिलाई मशीन अर्धे विकत घेता येत नाही. अशा एकरकमी खरेदीसाठी भिशी उपयुक्त ठरते ती यामुळेच.

पाळी कोणाला?

पहिली पाळी कोणाला द्यायची हे सहसा चिठ्ठी टाकून ठरते, किंवा ज्याच्या घरी लग्न आहे त्याला ती दिली जाते. हे दोन्ही मार्ग न्याय्य वाटतात. पण रक्कम कमाईच्या साधनावर खर्च होणार असेल तर पाळीचे मोल बदलते.

समजा, शिवणकाम शिकलेल्या सभासदाने १८,००० रुपयांत मशीन व किरकोळ सामान घेतले आणि दोरा, वीज, दुरुस्ती वजा जाता तिला दरमहा १,५०० रुपये सुटू लागले. पहिली पाळी मिळाली तर उरलेले अकरा हप्ते मशीनच्याच कमाईतून फिटतात. घरखर्चाला हात लागत नाही. तीच पाळी नववी आली तर आठ महिन्यांचे १२,००० रुपये हातचे जातात. उलट, ज्याला वर्षअखेर मुलाची फी भरायची आहे त्याला पहिली पाळी मिळाली तर पैसा हाताशी राहून भलतीकडे खर्च होण्याचीच शक्यता अधिक. म्हणून भिशी सुरू करतानाच प्रत्येकाने रक्कम कशासाठी हवी ते सांगावे, कमाईच्या साधनासाठी मागणाऱ्यांना आधीच्या पाळ्या द्याव्यात, आणि उरलेल्यांसाठी चिठ्ठी टाकावी. यात कोणाचेही नुकसान नाही. हप्ते नियमित येण्याची शक्यता मात्र वाढते, कारण आधी उचल घेणाऱ्याच्या हाती आता उत्पन्न असते.

हप्ता किती असावा?

हप्ता पगाराच्या महिन्यावरून ठरवला जातो, येथेच घोटाळा होतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाला सुट्टीच्या महिन्यांत मानधन नसते. शिवणकाम करणारीचे काम ईद, दिवाळी आणि लग्नसराईत भरपूर, तर ऐन पावसाळ्यात थंड. भिशीचा हप्ता मात्र बाराही महिने तोच. म्हणून मागील वर्षातला सर्वांत कमी कमाईचा महिना घ्यावा, त्यातून किराणा, भाडे, औषध, फी वजा करावी आणि उरेल त्याच्या आतच हप्ता धरावा. त्या महिन्यात काहीच उरत नसेल तर चांगल्या महिन्यांतून त्या हप्त्यांची तरतूद आधी बाजूला काढावी, अन्यथा भिशीत नाव घालू नये. एका भिशीचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या भिशीची उचल घेणे ही बुडण्याची पहिली खूण होय.

वरकमाईची वाट शोधणाऱ्या शिक्षकांनाही हेच लागू आहे. उर्दू–मराठी भाषांतर, मुद्रितशोधन किंवा टंकलेखन यांसाठी संगणक व छपाईयंत्र लागते, आणि त्याचे पैसे भिशीतून उभे राहू शकतात. पूर्णवेळ शिक्षकाने आपले सेवानियम पाहूनच असे काम घ्यावे.

लिलावाची भिशी

काही भिश्यांत पाळी बोलीने ठरते. जो जास्त सूट सोडेल त्याला रक्कम मिळते आणि ती सूट सर्वांत वाटली जाते. दहा सभासद, २,००० रुपये हप्ता, एकूण २०,००० रुपये. पहिल्याच महिन्यात एकाने ३,००० रुपये सोडले. त्याला १७,००० मिळतात आणि सुटीतील स्वतःचा वाटा ३०० रुपये. स्वतःचा हप्ता वजा जाता हाती राहतात १५,३०० रुपये. पुढे नऊ महिने २,००० प्रमाणे १८,००० भरायचे. त्यात पुढील लिलावांतून ७०० रुपये परत मिळाले असे धरू. म्हणजे १५,३०० रुपयांसाठी २,००० रुपये जादा गेले. हप्त्यागणिक मुद्दल घटत जाते हे लक्षात घेता सरळ हिशेबाने हा दर साल शेकडा सुमारे ३१ रुपये पडतो.

व्याजाचा शब्दही न उच्चारता हा व्यवहार होतो, म्हणून तो स्वस्त वाटतो. व्याजाचा व्यवहार टाळणारी अनेक कुटुंबे भिशीकडे वळतात ती पाळीच्या भिशीकडे, जिथे जितके भरले तितकेच मिळते. लिलावाच्या भिशीत वेळेची किंमत मोजली जाते. शरीअतच्या दृष्टीने तिचा निर्णय उलमांनी सांगावा. परंतु दोन्ही भिश्या एकच आहेत, असे समजून कोणी आत शिरू नये.

कायद्यातील स्थान

चिट फंड कायदा १९८२ सालचा आहे. त्यानुसार राज्य शासनाची पूर्वपरवानगी आणि निबंधकाकडे नोंदणी याशिवाय चिट चालवता येत नाही. मात्र त्यातील स्पष्टीकरणानुसार, सर्व सभासदांना पाळीपाळीने रक्कम मिळते आणि पुढील हप्त्यांची जबाबदारी कायम राहते, असा व्यवहार 'चिट' ठरत नाही. मोहल्ल्यातील साधी भिशी बेकायदा का म्हणता येत नाही, ते यावरून कळते. परंतु याची दुसरी बाजू अशी की, अशी भिशी बुडाली तर चिट निबंधकाकडे दाद मागता येत नाही. लेखी नोंद हाच तेथे मुख्य आधार.

लोकांकडून अनियंत्रित ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आणली आहे. त्यामुळे 'भिशी' नावाखाली अनोळखी लोकांकडून पैसे घेऊन जादा परतावा देऊ करणाऱ्यापासून दूर राहावे. आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. सहकारी बँकेतील ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण आहे. त्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली. पतसंस्थेतील ठेवीला आणि भिशीला हे संरक्षण नाही.

घ्यावयाची दक्षता

१) सभासद एकमेकांना ओळखणारे असावेत आणि संख्या दहा-बारांवर नसावी.
२) पाळ्यांचा क्रम, हप्ता आणि तारीख पहिल्याच दिवशी वहीत लिहून सर्वांनी सही करावी. वहीची प्रत प्रत्येकाकडे असावी.
३) जमलेली रक्कम त्याच दिवशी पाळीच्या सभासदाला द्यावी. भिशी चालवणाऱ्याच्या घरी ती अमानत म्हणूनही राहू नये.
४) शक्यतो मोबाईल किंवा बँकेमार्फत पैसे द्यावेत, म्हणजे आपोआप नोंद राहते.
५) पहिल्या अर्ध्या पाळ्यांतील प्रत्येकाने एक जामीनदार द्यावा. मृत्यू, आजारपण किंवा स्थलांतर झाल्यास उरलेले हप्ते कोण भरणार, हे आधीच लिहिलेले असावे.

समारोप

भिशीचा हा तक्ता अंकगणिताच्या एका तासिकेत विद्यार्थ्यांकडूनच मांडून घेता येतो : कोणत्या पाळीला किती रक्कम आपली, किती दुसऱ्याची. शिवणकामाच्या शेवटच्या सत्रात दहा विद्यार्थिनींनी हा हिशेब समजून घेऊन आपसात भिशी लावली, तर दहा महिन्यांत दहा मशीन घरी येऊ शकतात आणि अभ्यासक्रमाचे चीज होते. मात्र भिशी स्वतः काहीच कमवत नाही. ती फक्त रक्कम लवकर हाती देते. त्या रकमेतून मशीन आले की दागिना, यावरच पुढच्या वर्षी घराची मिळकत वाढणार की केवळ हप्ता वाढणार, हे ठरते.